नदीत चालणाऱ्या बिनकागदाच्या जुन्या नावांना नंबर द्या : बेळगाव जिल्हा प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव,
आणि कर्नाटक शासनाच्या बंदरे व अंतर्देशीय जलवाहतूक खात्याचे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांवर आजही जुन्या नावा चालतात. त्यांतल्या पुष्कळ नावांना बांधणीचे बिल नाही, खरेदीपत्र नाही आणि अंगावर कोरलेला नंबरही नाही. पूर आला की प्रशासन याच नावांना हाक मारते. पाणी ओसरले की सरकारदरबारी त्यांची कुठेच नोंद सापडत नाही. या नावांची नोंदणी व्हावी. जे कागद कधी झालेच नाहीत ते मागू नयेत. नाव समोर बघून, मोजून, तपासून तिला खात्यानेच नंबर द्यावा, एवढी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी चिकोडी तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावचा शेतकरी. आमच्या घरी वडिलांच्या आधीपासून नाव आहे. आताची नाव वडिलांनी 1980 च्या आगेमागे बांधून घेतली. गावच्याच सुताराने आमच्या मळीत मांडव घालून ती बांधली. तळाला आणि बाजूंना सागवानी फळ्या, आतून बाभळीच्या वाकड्या लाकडांच्या फासळ्या, फळ्यांच्या फटींत काथ्या ठोकून वरून डांबर. लांबी 22 फूट, मध्यावर रुंदी 6 फूट. मागच्या फळीवर उजव्या अंगाला पत्र्याचे एक ठिगळ आहे. 2005 च्या पुरात वाहत आलेला ओंडका तिथे बसला आणि फळी फुटली. लोहाराकडून पत्रा मारून घेतला, तो अजून पक्का आहे. दरवर्षी मृगाच्या आधी नाव काठावर ओढायची, पालथी घालायची, जुने डांबर खरवडायचे, उघडलेल्या फटी भरायच्या आणि नवे डांबर तापवून लावायचे, हे काम घरातले सगळे मिळून करतात. पुराच्या धारेत नुसत्या वल्ह्यांनी नाव सांभाळणे कठीण जाते, म्हणून पुढे शेतीपंपाचे 5 हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन तिला बसवले. इंजिनाची पावती आहे, त्याच्या पट्टीवर नंबर आहे. नावेचा मात्र कागद नाही.

का नाही, ते आधी सांगायला हवे. कारण टेबलापलीकडच्या माणसाला वाटते की आम्ही कागद हरवले तरी किंवा लपवले तरी. बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. तिथे तरींसाठी, म्हणजे नावेने नदी उतरण्याच्या ठिकाणांसाठी, आणि नदीतल्या नावांसाठी 1868 चा मुंबई इलाख्याचा कायदा होता, आणि सरकारी तरीचा मक्ता लिलावाने दिला जाई. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तरी आमच्या गावात मक्त्याची रीत पुढेही बरीच वर्षे चालली. आजोबांच्या काळातल्या एकदोन पावत्या अजून आमच्या ट्रंकेत आहेत. त्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. पावती आहे ती नदी उतरण्याच्या जागेची: अमुक गावच्या काठापासून तमुक गावच्या काठापर्यंत माणसे, जनावरे आणि गाड्या उतरवण्याचा हक्क, आणि त्याबद्दल सरकारात भरायची रक्कम. नाव कोणती, किती लांबीची, कुणी बांधली, याचा एक शब्द त्यात नाही. सरकारला तरीचे उत्पन्न हवे होते, ते मिळत होते. नावाड्याला सुगीत खळ्यावर धान्य मिळे आणि परगावच्या उतारूंकडून रोख पैसे. नाव हे त्याचे हत्यार होते. नांगराचा किंवा कुऱ्हाडीचा जसा कुणी कागद करत नाही, तसा नावेचाही केला नाही.

पुढे पूल झाले, बंधारे झाले, मक्ते बंद पडले. नावा राहिल्या, कारण आपल्याकडचे पुष्कळसे पूल ठेंगणे आहेत. घाटावर पाऊस लागून राहिला, कोयना, राधानगरी, काळम्मावाडीतून पाणी सुटले की कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी हे मार्ग एकामागून एक पाण्याखाली जातात. पाणी आणखी चढले की कुडची-उगार पूलही बंद होतो. तिकडे घटप्रभा फुगली की गोकाकजवळ लोळसूरच्या पुलावर पाणी येते. वर्तमानपत्रांत या मार्गांची यादी पावसाळ्यात छापून येते आणि 'पर्यायी मार्गाने वाहतूक सुरू' असे खाली लिहिलेले असते. ज्याच्याकडे गाडी आहे तो वळसा घालून जातो. पण पलीकडच्या मळ्यात म्हशी बांधलेल्या आहेत, त्यांना वैरण आजच पाहिजे. काठावरच्या पंपाच्या मोटारी पाणी चढायच्या आत वर काढायच्या असतात, त्याला चार माणसे पलीकडे न्यावी लागतात. मळ्यातल्या वस्तीवर एखादी बाळंत व्हायची असते. अशा वेळी वळशाच्या रस्त्याचा उपयोग नाही. अशा वेळी लोक नावाड्याच्या घरी येतात.

ऑगस्ट 2019 चा पूर आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. सैन्य आले, एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) आले, त्यांच्या रबरी बोटी आल्या. त्या जवानांनी जे केले त्याबद्दल नदीकाठ कायम ऋणी राहील. पण त्या बोटी येईपर्यंतचा वेळ आमच्या गावाने आपल्या नावांवर काढला. आधी म्हातारी माणसे आणि लेकरे, मग बाकीचे, मग शेरडे-करडे, असा क्रम गावानेच ठरवला होता. ग्रामपंचायतीने त्या वेळी एका वहीत लिहून ठेवले: कोणत्या नावेने कोणत्या गल्लीतली कुटुंबे बाहेर काढली, नाव कुणाची, वल्ह्यावर कोण होते. त्या वहीत आमची नाव आहे. जुलै 2021 ला पुन्हा पाणी आले तेव्हा पंचायतीकडून निरोप आला की नावा तयार ठेवा. आम्ही ठेवल्या. असा निरोप आला आणि आमच्या गावच्या नावाड्याने 'नाही' म्हटले, असे मी कधी पाहिले नाही.

आता कायद्याकडे येतो. 1917 चा जुना इनलँड व्हेसल्स कायदा रद्द होऊन त्याच्या जागी 2021 चा नवा कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या नावेने तपासणी करून घ्यावी, नोंदणी करावी, विमा उतरवावा, हे त्यात स्पष्ट आहे. हा कायदा चांगला आहे असे माझे मत आहे. नदीवर कुणीही कसलीही नाव हाकावी आणि माणसे बुडाली की हळहळ व्यक्त करावी, हे थांबायला हवे. याच कायद्यात बिनयंत्राच्या नावांसाठी वेगळे प्रकरण आहे. अशा नावांची प्राथमिक माहिती स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर नोंदवून घ्यावी, असा त्याचा रोख आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गावातली साधी, वल्ह्याची नावही होती. ती माहिती आमच्या पंचायतीत अजून कुणी विचारलेली नाही.

माझ्या नावेला इंजिन आहे, म्हणून मी नोंदणीची चौकशी करायला एका कार्यालयात गेलो. बांधणाऱ्याचे प्रमाणपत्र, नावेचा नकाशा, खरेदीचे बिल आणि हल नंबर आणा, असे सांगितले. मी म्हटले, "साहेब, बांधणारा सुतार वारून बरीच वर्षे झाली. तो नकाशा काढत नव्हता, दोरीने मापे घेत होता." पंचायतीच्या वहीची प्रत दाखवली, इंजिनाची पावती दाखवली, नावेचे फोटो दाखवले. उत्तर मिळाले, "हे काही चालत नाही. नवी फायबरची बोट घ्या, कंपनी सगळे पेपर देते." सांगणारा माणूस चांगला होता, मला बसायला खुर्ची दिली, चहा विचारला. त्याच्या पुढ्यातल्या फॉर्ममध्ये आमच्यासारख्या नावेसाठी रकानाच नव्हता, त्याला तो तरी काय करणार! तो रकाना घालणे तुमच्या हातात आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

हल नंबर म्हणजे नावेच्या सांगाड्यावर कोरलेला, त्या एकाच नावेचा असा क्रमांक. कारखान्यात बनलेल्या बोटीवर तो कारखान्यातच येतो. अमेरिकेत 1 नोव्हेंबर 1972 पासून तो सक्तीचा झाला. 12 अक्षरे-आकडे असतात. पहिली तीन अक्षरे बांधणाऱ्याची खूण, पुढे त्याचा अनुक्रमांक, शेवटी बांधणीचा काळ. जागाही ठरलेली आहे: मागच्या फळीवर, बाहेरून, उजव्या अंगाला, वरच्या बाजूस. चोरी पकडता यावी म्हणून पुढे तोच क्रमांक सहजी न दिसणाऱ्या दुसऱ्या जागीही कोरायला लावला. मग 1972 च्या आधीच्या आणि लोकांनी घरी बांधलेल्या नावांचे काय, हा प्रश्न तिथेही आलाच. त्यांनी अशा नावा मोडीत काढा म्हटले नाही. मालकाने लिहून द्यायचे, नाव तपासायची आणि राज्याने आपला क्रमांक त्या नावेला द्यायचा, अशी सोय तिथल्या राज्यांनी केली. मालकाने तो कोरून घेतला की पुढे तिची ओळख तीच.

आपल्याकडेही नोंदणी क्रमांक देण्याचा अधिकार खात्याचाच आहे आणि तो नावेवर ठळक लावावा लागतो. मग बांधणाऱ्याचा नंबर नाही म्हणून नाव परत पाठवण्याचे कारण मला तरी सापडत नाही. माझ्या नावेच्या मागच्या फळीवर, त्या पत्र्याच्या ठिगळाच्या डाव्या हाताला वीतभर चांगले सागवान आहे. तिथे तुमचा नंबर ठशांनी ठोकून द्या. आतल्या बाजूला एखाद्या फासळीवर पुन्हा तोच ठोका. पत्र्याच्या नावेवर पंच करता येईल. डांबराखाली नंबर बुजतो, हे खरे. त्यासाठी तेवढी जागा डांबराविना ठेवून तेल-वार्निश लावता येते. ही फार मोठी कारागिरी नाही, गावचा सुतार अर्ध्या तासात करून देईल.

अधिकाऱ्यांच्या मनातली शंका मी ओळखतो आणि ती रास्त आहे. उद्या कुणी चोरीची बोट आणून "बापजाद्यांची आहे, कागद नाहीत" म्हणेल. नदीतून चोरून वाळू काढणारेही नावाच वापरतात. बिनकागदाच्या नावेला नंबर दिला तर अशा लोकांचे फावेल, ही भीती. मला नेमके उलटे वाटते. आज पुष्कळ नावांना नंबर नाही, म्हणून रात्री वाळू काढणारी नाव आणि दिवसा वैरण आणणारी नाव पोलिसांना सारखीच दिसते. आमच्या भागात वाळूवर धाड पडली की गरीब नावाडी आधी आपली नाव लपवतो, कारण ती आपली आहे हे सिद्ध करायला त्याच्याकडे काही नसते. नंबर असला, मालकाचे नाव असले, काठ नोंदलेला असला की कोणती नाव कुठे असायला हवी हे तरी कळेल. आणि मालकी ठरवायची पद्धत आपल्याकडे नवी शोधावी लागत नाही. जमिनीला वारस लावताना वर्दी देतात, नोटीस लागते, हरकतीची मुदत असते, मुदतीत कुणी आले नाही तर उताऱ्यावर वारसाचे नाव चढते. नावेलाही तेच करा. मालकाचे शपथपत्र घ्या. गावातल्या दोन जाणत्या माणसांचे जबाब घ्या, ज्यांनी ती नाव वर्षानुवर्षे पाहिली आहे. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. पोलीस ठाण्याकडून हरकत नसल्याचे पत्र मागवा. नावेचा फोटो आणि मापे लावून नोटीस चावडीवर आणि पलीकडच्या काठच्या गावातही लावा, कारण नावेवर हक्क सांगणारा खरा माणूस बहुधा पलीकडच्याच काठावर असतो.

मालकीपेक्षा मला तपासणीची जास्त काळजी आहे. 8 ऑगस्ट 2019 रोजी आपल्या वरच्या अंगाला, सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि बायका-मुलांसकट कितीतरी जीव गेले. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. त्या दिवसापासून कृष्णाकाठचा प्रत्येक नावाडी माणसे मोजून घेतो असे मी म्हणू शकलो असतो तर बरे झाले असते. पाणी घरात शिरलेले असताना "तू उतर, पुढच्या खेपेला ये" असे शेजाऱ्याच्या बायकोला सांगणे सोपे नाही. नावेवर सरकारने आकडा लिहिलेला असेल तर नावाड्याला त्या आकड्याकडे बोट दाखवता येते. आज तो आकडा नसतो, म्हणून तो ज्याच्या त्याच्या अंदाजावर आणि भिडेवर राहतो.

तो आकडा काढायला लांबच्या प्रयोगशाळेत जावे लागत नाही. नाव शांत पाण्यात उभी करायची. वाळूची वजन केलेली पोती एकेक करून सारखी मांडत जायची आणि काठ पाण्यापासून किती वर राहिला ते दर वेळी मोजायचे. ठरलेल्या उंचीपर्यंत आले की थांबायचे, पोत्यांचे वजन मोजायचे, त्यातून इंजिन, डिझेल आणि नावाडी यांपैकी जे त्या वेळी नावेत नसेल त्याचे वजन वजा करायचे आणि उरलेल्याला एका माणसाच्या वजनाने भागायचे. पुराच्या पाण्याला लाटा आणि भोवरे असतात, म्हणून त्यातही हात राखून ठेवायचा. बाहेरून दोन्ही अंगांना पांढरी रेघ मारायची. रेघ पाण्याला टेकली की नाव भरली, हे अंगठाबहाद्दरालाही दिसते. त्याबरोबर तळ टोचून बघावा. जुन्या लाकडाला बाहेरून डांबर चांगले दिसते आणि आत फळी भुसभुशीत झालेली असते. सुताराची आरी घेऊन दर वीतभरावर टोचले की कळते. इंजिनाचा दांडा जिथून तळातून बाहेर जातो ती जागा सर्वांत आधी बघावी, पाणी तिथूनच शिरते. या तपासणीत जी नाव टिकणार नाही तिला नंबर देऊ नका. माझी नाव टिकली नाही तर तिलाही देऊ नका. काही नावा खरोखरच आता पाण्यात घालू नयेत अशा झाल्या आहेत आणि त्यांच्या मालकांना हे गावातले कुणी तोंडावर सांगत नाही. सरकारी तपासनीसाने सांगितले तर ते ऐकतील. अशांना नवी नाव घ्यायला काही अनुदान देता आले तर द्या, पण आधी स्पष्ट सांगा.

बिनइंजिनाच्या नावांना एवढे सगळे नको. जाळे टाकणाऱ्याची छोटी होडी, हिडकल धरणाच्या फुगवट्यात फिरणारे बुट्टीसारखे गोल हरिगोल, मळ्यात जाण्यासाठी ठेवलेली शेतकऱ्याची वल्ह्याची नाव, यांच्यासाठी पीडीओच्या (पंचायत विकास अधिकाऱ्याच्या) टेबलावर एक रजिस्टर पुरे. मालक, काठ, मापे, फोटो, किती माणसे न्यायची तो आकडा आणि पंचायतीचा अनुक्रमांक. फी ठेवूच नका. फी ठेवली की गरीब माणूस नोंदीला येणार नाही आणि रजिस्टर अर्धेच राहील. पुराच्या आदल्या महिन्यात तहसीलदारांनी हे रजिस्टर मागवले तर कोणत्या गावात किती नावा, किती माणसांच्या, कुणाकडे, हे एका पानावर मिळेल. आज ते फोनाफोनी करून विचारावे लागते, तेही पाणी चावडीला लागल्यावर.

सीमेचा विषय मी वादासाठी काढत नाही. पण नदी इथे दोन राज्यांतून वाहते आणि नावेला त्याचा रोजचा त्रास आहे. कागवाड तालुक्यातले जुगूळ इकडे, कोपेश्वराचे खिद्रापूर तिकडे, मध्ये कृष्णा. इकडच्या माणसाची शेती तिकडे, तिकडची लेक इकडे दिलेली. दूधगंगेवर मलिकवाड आपले आणि दत्तवाड शिरोळ तालुक्यातले. एका काठावरून सुटलेली नाव दुसऱ्या राज्याच्या काठाला लागते, आणि तिथे विचारणा झाली की नावाडी गप्प उभा राहतो. नव्या कायद्याने एका राज्यात मिळालेले नोंदणी प्रमाणपत्र सगळ्या राज्यांत ग्राह्य धरले आहे. आपल्या भागासाठी त्या कायद्यातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. बेळगाव जिल्ह्याने नंबर दिला की कोल्हापूर जिल्ह्याच्या काठावरही तो चालेल. कोल्हापूर आणि सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांशी आपण पुराच्या पाण्याबाबत बोलताच. त्या बैठकीत नावांचाही विषय घ्यावा, तपासणीची एकच रीत दोन्हीकडे ठरवावी.

आणखी एक. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातले 111 जलमार्ग जाहीर केले. त्यात घटप्रभा 41 व्या आणि मलप्रभा 67 व्या क्रमांकावर आहे. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेला दिल्लीच्या यादीत क्रमांक मिळाला, याचा मला अभिमान वाटतो. त्या पाण्यावर आज प्रत्यक्ष चालणाऱ्या नावांनाही क्रमांक मिळायला हवा. बसवण्णांच्या काळातले वचनकार अंबिगर चौडय्या हे नावाडी होते आणि राज्य सरकार 21 जानेवारीला त्यांची जयंती साजरी करते. त्यांच्या व्यवसायातले लोक अजून या जिल्ह्यात आहेत. पुढच्या जयंतीला हारतुऱ्याबरोबर त्यांच्या हातात नोंदणीचे प्रमाणपत्र पडले तर त्यांना जास्त आनंद होईल.

फॉर्मच्या भाषेबद्दल थोडक्यात लिहितो. नावाड्यांतले पुष्कळ लोक मराठी बोलतात, पुष्कळ कन्नड बोलतात, बहुतेकांना दोन्ही समजते, पण लिहिता-वाचता एकच येते. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणे मांडण्याचा अर्ज राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करता येतो. नोंदणीचा फॉर्म आणि विशेषतः सुरक्षेच्या सूचना कन्नडबरोबर मराठीतही छापा. किती माणसे बसवायची आणि जीवरक्षक जॅकेट कसे बांधायचे, हे वाचणाऱ्याला पहिल्या वाचनात कळले पाहिजे.

नोंद नसल्याचा तोटा पूर गेल्यावर कळतो. आपत्ती मदतीच्या निकषांत मच्छीमारांच्या मोडलेल्या किंवा वाहून गेलेल्या नावांसाठी आणि जाळ्यांसाठी मदतीची तरतूद आहे. पण जी नाव होती हेच दाखवता येत नाही, ती वाहून गेली हे कसे दाखवणार? विमा कंपनी नोंदणीशिवाय दारात उभी करत नाही. लोकांना वाचवताना नाव फुटली तर नावाड्याचे घर बसते, आणि नावेतल्या कुणाला काही झाले तर गुन्हा त्याच्यावर दाखल होतो. निरोप आला की तो तरीही नाव सोडतो. त्याच्यामागे विम्याचा आधार असावा, ही मागणी मला जास्तीची वाटत नाही.

माझ्या नावाडी भावांनाही याच पत्रातून सांगतो. सरकारचे काय व्हायचे ते होईल, आपण आपले तयार राहू या. नावेची लांबी तोंडापासून मागच्या फळीपर्यंत, रुंदी सर्वांत रुंद जागी, खोली मध्यावर काठापासून तळापर्यंत, अशी मापे घेऊन लिहून ठेवा. चारी बाजूंनी आणि आतून फोटो काढा, ठिगळे, सांधे, जुन्या खुणा जवळून दिसतील असे. इंजिनाची पावती हरवली असेल तर दुकानदाराकडून दुसरी प्रत मागा, इंजिनाच्या पट्टीवरचा नंबर कागदावर उतरवून ठेवा. मक्त्याच्या जुन्या पावत्या, पंचायतीच्या वहीतले पुराचे पान, पेपरात नावेचा फोटो छापून आला असेल तर ते कात्रण, सगळे एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवा, पाणी पोचणार नाही अशा ठिकाणी. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब आत्ताच नोटरीपुढे करून ठेवा. नाव कुणी बांधली, कधी बांधली, हे सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.

जिल्हाधिकारी महोदय, मृग जूनच्या सात-आठ तारखेला लागतो. त्याआधी, मे महिन्यात, नदी आटलेली असते आणि नावा काठावर पालथ्या पडलेल्या असतात. तळ तपासायला याच्याइतकी सोयीची वेळ दुसरी नाही. कृष्णेसाठी अंकली आणि कुडची, दूधगंगेसाठी सदलगा, घटप्रभेसाठी गोकाक, मलप्रभेसाठी खानापूर, अशा ठिकाणी एकेक दिवसाचे शिबिर लावावे. जलवाहतूक खात्याचा तपासनीस, तहसील कचेरीतला एक जण, पोलीस ठाण्याचा एक जण आणि नोटरी असे चौघे एका मांडवाखाली बसले तर नावाड्याला खात्याच्या कामासाठी कारवारचा घाट उतरावा लागणार नाही. नाव ट्रॅक्टरवर घालून तालुक्याच्या गावी आणणे परवडणारे नाही, म्हणून शिबिर नदीकाठीच हवे, आणि ज्यांच्या नावा तिथवर पाण्यातून आणता येणार नाहीत त्यांच्यासाठी तपासनीसाने त्या काठावर जावे.

तारीख आणि जागा आठ दिवस आधी पंचायतीच्या फलकावर लावा. आमच्या गावच्या नावा आदल्या दिवशी डांबर खरवडून तयार असतील. मांडव, पिण्याचे पाणी, वजनकाटा आणि भरलेली पोती यांची व्यवस्था आम्ही गावकरी करू.

आपला विश्वासू,
कृष्णाकाठचा एक नावमालक,
तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव